हार्मोनची मात्रा लघवीवरून ठरत नाही : स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनांचे पदाधिकारी,
तसेच हार्मोन तपासण्या करणाऱ्या आणि बाहेर पाठवणाऱ्या प्रयोगशाळांचे संचालक यांस

विषय : रजोनिवृत्तीनंतरच्या हार्मोन उपचारांची मात्रा लघवीतील मेटाबोलाइटच्या (शरीरात हार्मोन मोडून तयार होणाऱ्या पदार्थांच्या) तपासणीवरून ठरवण्याबाबत

महोदय, महोदया,
सप्रेम नमस्कार.

एका रुग्णालयाच्या बायोकेमिस्ट्री विभागात एकतीस वर्षे काम करून मी निवृत्त झाले आहे. रेडिओइम्युनोॲसेच्या काळात गॅमा काउंटरसमोर बसून मी एस्ट्रॅडिऑल, म्हणजे मुख्य एस्ट्रोजेन किंवा स्त्री-हार्मोन, मोजले, पुढे केमिल्युमिनेसन्सची यंत्रे आली, आणि शेवटच्या काही वर्षांत मास स्पेक्ट्रोमीटरवरही हात बसला. मोजमापावरच माझे घर चालले, त्यामुळे या पत्रात मोजमापाची निंदा शोधू नये, एवढी विनंती आधीच करते.

पत्राला निमित्त माझ्या मावसबहिणीचे आहे. तिचे वय बावन्न, पाळी जाऊन दोन वर्षे झाली. अंगातून गरम वाफा निघत, रात्री दोन-तीनदा गाऊन बदलावा लागे, आणि झोप नसल्यामुळे शाळेत तास घेताना शब्द आठवत नसत. तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी तिला एस्ट्रॅडिऑलचे जेल रोज दोन पंप आणि रात्री झोपताना मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉनची १०० मिलिग्रॅमची कॅप्सूल सुरू केली. सहा आठवड्यांत ती पुन्हा माणसांत आली. त्यानंतर मैत्रिणीच्या सांगण्यावरून ती एका वेलनेस क्लिनिकमध्ये गेली. तिथे तिला फिल्टर पेपरच्या पट्ट्यांचा एक संच मिळाला. दिवसातून ठरलेल्या वेळी पट्टी लघवीत भिजवायची, वाळवायची आणि पाकिटात घालून द्यायची; पुढे ती पाकिटे कुरिअरने परदेशी गेली. या सगळ्याचा खर्च एका बऱ्यापैकी वॉशिंग मशीनएवढा झाला. महिन्याभराने चौदा पानांचा रिपोर्ट आला. त्यात ४-हायड्रॉक्सीएस्ट्रोन नावाच्या पदार्थाच्या तबकडीचा काटा लाल पट्ट्यात होता. तेवढ्यावरून तिचे जेल दोन पंपांवरून एका पंपावर आले, कोबीवर्गीय भाज्यांमधील घटकापासून मिळणाऱ्या डीआयएम नावाच्या पूरक गोळ्या सुरू झाल्या, आणि तीन महिन्यांनी वापरायचा दुसरा संच तिच्या पिशवीत पडला. महिना उलटायच्या आत तिचा फोन आला. “ताई, काटा हिरव्यात गेला की नाही ते मला ठाऊक नाही, पण मी पुन्हा रात्री दोनला पंख्याखाली येऊन बसते.”

त्या रविवारी आम्ही दोघी जेवणाच्या टेबलावर तो रिपोर्ट पसरून बसलो. छपाई उत्तम होती. प्रत्येक हार्मोनसाठी मोटारीच्या स्पीडोमीटरसारखी तबकडी, हिरवे-पिवळे-लाल पट्टे, आणि मधोमध एका पदार्थापासून दुसऱ्याकडे जाणाऱ्या बाणांचे जाळे. ते जाळे रसायनशास्त्राच्या दृष्टीने बिनचूक आहे, हे मी आधी मान्य करते. एस्ट्रॅडिऑल आणि एस्ट्रोन हे दुसरे एस्ट्रोजेन यकृतात तीन मुख्य वाटांनी मोडतात : दुसऱ्या कार्बनवर, चौथ्यावर किंवा सोळाव्यावर हायड्रॉक्सिल गट लागतो. पुढे सीओएमटी या एन्झाइमने पहिल्या दोन वाटांवरच्या पदार्थांना मिथाइल गट जोडला जातो, इतरांना ग्लुकुरोनाइड किंवा सल्फेट चिकटते, आणि लघवी व पित्तावाटे ते बाहेर पडतात. चौथ्या कार्बनच्या वाटेवरून तयार होणारी क्विनोन्स नावाची रसायने डीएनएला इजा करू शकतात, हेही प्रयोगशाळेत दिसलेले आहे. माझा आक्षेप त्या बाणांच्या शेवटाशी सुरू होतो, म्हणजे जिथे रिपोर्ट रसायनशास्त्र सोडून “मात्रा कमी करण्याचा विचार करावा” असे सुचवू लागतो तिथे.

या कल्पनेचे मूळ १९८० च्या दशकात न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील लिऑन ब्रॅडलो आणि जॅक फिशमन यांच्या कामात आहे. दुसऱ्या कार्बनची वाट सौम्य आणि सोळाव्याची वाट स्तनाच्या कर्करोगाकडे झुकणारी, म्हणून या दोन पदार्थांचे गुणोत्तर धोक्याची सूचना देईल, असा तो तर्क होता. तर्क आकर्षक होता आणि तपासण्याजोगाही. तो तपासलाही गेला. आधी नमुने गोळा करून पुढची अनेक वर्षे त्या स्त्रियांचा पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासांत या गुणोत्तराला सातत्याने आधार मिळाला नाही. कुठे अंधुक कल दिसला, कुठे काहीच नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या संशोधकांनी नंतर मास स्पेक्ट्रोमेट्रीने रक्तातील पंधरा एस्ट्रोजेन आणि मेटाबोलाइट मोजले, आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात दुसऱ्या वाटेवरचे विघटन अधिक असलेल्या, पाळी गेलेल्या स्त्रियांत कर्करोगाचा धोका कमी आढळला. हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे, आणि तपासणी विकणारे तो पुढे करतात तेव्हा खोटे बोलत नाहीत. मात्र त्या स्त्रिया हार्मोन उपचार घेत नव्हत्या, मोजमाप रक्तातले होते, आणि निष्कर्ष समूहाचा होता. त्यावरून एका बाईच्या एका दिवसाच्या वाळलेल्या पट्टीतून तिच्या जेलचे पंप ठरवायचे, म्हणजे तालुक्याच्या पावसाच्या सरासरीवरून आपल्या विहिरीची पातळी सांगण्यासारखे आहे. मेटाबोलाइट पाहून मात्रा बदलली म्हणून कर्करोग, हाडे मोडणे किंवा वाफा यांपैकी काही कमी झाले, असे दाखवणारी एकही यादृच्छिक चाचणी (चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून केलेली तुलना) माझ्या वाचनात आलेली नाही. आपल्यापैकी कोणाच्या आली असल्यास मी हे वाक्य जाहीरपणे मागे घेईन.

मग या औषधांच्या मात्रा मुळात ठरल्या कशा, हे रुग्णांना कोणी सांगत नाही, आणि माझ्या मते सगळ्या गैरसमजाची मुळी तिथे आहे. त्या ठरल्या गर्भाशयाच्या अस्तराचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून, हाडांची घनता मोजून, आणि बायकांनी रोजच्या रोज लिहिलेल्या वाफांच्या नोंदी मोजून. अमेरिकेतील ‘पेपी’ या तीन वर्षांच्या चाचणीत गर्भाशय असलेल्या ५९६ स्त्रियांच्या अस्तराचे निष्कर्ष १९९६ साली प्रसिद्ध झाले. प्रोजेस्टेरॉनची जोड न देता नुसते एस्ट्रोजेन घेणाऱ्यांपैकी दर तिघींतील एकीच्या अस्तरात गंभीर स्वरूपाची वाढ आढळली. नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत ते प्रमाण शंभरात एक होते. प्रोजेस्टेरॉनची जोड मिळालेल्यांचे अस्तर सुरक्षित राहिले. आज आपण प्रोजेस्टेरॉनची जी मात्रा लिहून देता तिच्यामागे असे अस्तराचे पुरावे उभे आहेत.

लघवीचा आकडा याच ठिकाणी कसा उलटा बोलतो, ते पाहण्यासारखे आहे. प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल गिळली की तिचा मोठा भाग आतड्यात आणि यकृतात पहिल्याच फेरीत मोडतो. त्यातून निघणारे ॲलोप्रेग्नेनोलोन गुंगी आणते, म्हणूनच ही कॅप्सूल झोपताना घ्यायची; आणि प्रेग्नेनडायोल मोठ्या प्रमाणात लघवीत उतरते. माझ्या बहिणीच्या रिपोर्टात ती तबकडी लाल पट्ट्याच्याही पलीकडे गेली होती, कारण तिने रात्री दहाला कॅप्सूल घेतली आणि सकाळी उठल्याबरोबर पट्टी भिजवली. तीच कॅप्सूल योनीमार्गे ठेवली असती, तर औषध थेट गर्भाशयापर्यंत पोहोचून अस्तराला भरपूर मिळाले असते आणि लघवीतला आकडा मात्र खाली राहिला असता. म्हणजे ज्या अवयवासाठी औषध द्यायचे त्याला ते पुरेसे मिळाले की नाही, याचे उत्तर त्या तबकडीत नाही. गाळणीतला चोथा पाहून घरात चहापत्ती किती लागते याचा अंदाज येतो. पाहुण्यांना चहा मिळाला की नाही, ते त्यावरून कळत नाही. यातला खरा धोका मला प्रोजेस्टेरॉनच्या क्रीममध्ये दिसतो. क्रीम लावणारीच्या रिपोर्टात “समतोल” दिसला म्हणून कॅप्सूल थांबवली गेली, तर एस्ट्रोजेनखाली तिचे अस्तर वाढत राहील, आणि त्याचा पत्ता रक्तस्राव सुरू झाल्यावरच लागेल. क्रीमने अस्तराचे पुरेसे रक्षण होते असे मानायला आधार नाही, हे आपणांस मी सांगायला नको.

आता आकड्याच्या आतली गोष्ट. कोणी किती पाणी प्यायले त्यावर लघवी पातळ-दाट होते, म्हणून पट्टीवरचा प्रत्येक पदार्थ क्रिएटिनिनच्या तुलनेत मांडतात. पद्धत जुनी आहे, मीही ती वापरली आहे. पण क्रिएटिनिन येते स्नायूंतून. समजा, पंचेचाळीस किलोच्या एका सडपातळ बाईच्या लघवीतून दिवसाला ७०० मिलिग्रॅम क्रिएटिनिन जाते, आणि धिप्पाड, व्यायाम करणाऱ्या दुसरीच्या १,४०० मिलिग्रॅम. दोघींच्या शरीरातून दिवसाला १४ मायक्रोग्रॅम तोच मेटाबोलाइट बाहेर पडला, तरी पहिलीचा रिपोर्ट एका ग्रॅम क्रिएटिनिनमागे २० दाखवील आणि दुसरीचा १०. एक लाल, दुसरी हिरवी. हार्मोन मात्र सारखेच. माझी बहीण सत्तेचाळीस किलोची आहे, आणि त्या रिपोर्टातल्या नॉर्मल रेंज अमेरिकेतल्या बायकांवरून काढलेल्या होत्या. शिवाय उपचार न घेणाऱ्या बायकांच्या रेंजशी तिची तुलना केली होती! जेल लावल्यावर एस्ट्रोजेनचे अवशेष वाढणार नाहीत तर काय होईल? आणि ती जेल उजव्या हाताने लावते, पट्टीही उजव्याच हाताने धरली होती, म्हणजे बोटांवरचे जेल पट्टीला लागले असू शकते, हे तिने मला तिसऱ्या चहाला सांगितले.

लघवीतला आकडा आणि रक्तातले हार्मोन यांची फारकत किती होऊ शकते, याचे सर्वांत बोलके उदाहरण खेळाडूंच्या उत्तेजक चाचण्यांतून आलेले आहे. टेस्टोस्टेरॉनला ग्लुकुरोनाइड जोडणारे यूजीटी२बी१७ हे एन्झाइम ज्यांच्यात जनुकापासूनच नसते, त्यांच्या लघवीत टेस्टोस्टेरॉन फारच कमी उतरते, रक्तातले ठीक असले तरी. कोरियन पुरुषांत असे लोक बहुसंख्य निघाले आणि स्वीडनच्या पुरुषांत थोडे. उत्तेजक चाचणी करणाऱ्यांनी हे ओळखून आपल्या पद्धती बदलल्या. वेलनेसच्या रिपोर्टात मात्र अशा माणसाला “टेस्टोस्टेरॉन कमी” असे सहज ऐकावे लागेल, आणि त्यापुढे कोणी त्याला टेस्टोस्टेरॉन देऊ केले तर नवल नाही.

डीआयएमबद्दलही लिहायला हवे, कारण त्या गोळ्या “भाजीतल्याच” म्हणून घेतल्या जातात. त्या घेतल्या की दुसऱ्या आणि सोळाव्या वाटेचे गुणोत्तर सुधारते, हे खरे आहे. रिपोर्ट खरोखर हिरवा होतो. स्तनाच्या कर्करोगानंतर तो परतू नये म्हणून टॅमॉक्सिफेन हे औषध घेणाऱ्या स्त्रियांवर डीआयएमची यादृच्छिक चाचणी झाली, तिचा निबंध २०१७ साली आला. गुणोत्तर अपेक्षेप्रमाणे सुधारले, पण त्याच वेळी टॅमॉक्सिफेनचे एंडॉक्सिफेनसारखे सक्रिय घटक रक्तात कमी झाले. याचा रुग्णाच्या आयुष्यावर काय परिणाम होतो हे त्या चाचणीने ठरवले नाही. तरीही काटा हिरवा करताना ज्या औषधावर बाईचे पुढचे आयुष्य अवलंबून आहे तेच पातळ होत असेल, तर “नैसर्गिक आहे, घ्या” असे म्हणायला माझी जीभ रेटणार नाही.

मेटाबोलाइट तपासण्याच टाकाऊ, असा याचा अर्थ कोणी काढू नये. फिओक्रोमोसायटोमा या ॲड्रीनल ग्रंथीच्या गाठीच्या शंकेत चोवीस तासांच्या लघवीतील मेटानेफ्रीन, लहान मुलांच्या न्यूरोब्लास्टोमा या कर्करोगात व्हीएमए आणि एचव्हीए, कार्सिनॉइड या गाठीत पाच-एचआयएए, जन्मजात ॲड्रीनल विकारांत स्टेरॉइड प्रोफाइल : या तपासण्यांनी माझ्या डोळ्यांदेखत निदाने झाली आहेत. चोवीस तासांचे ते पाच लिटरचे प्लास्टिकचे कॅन, त्यांत आधी घातलेले आम्ल, आणि “एकदाचीही सोडायची नाही हं” असे रुग्णाला तीनदा बजावणे, हा आमचा नित्यक्रम होता. मुळात एस्ट्रोनचा शोधच लघवीतून लागला. १९२९ साली डॉइझी आणि बुटेनांट यांनी तो गर्भवतींच्या लघवीतून वेगळा केला. पण त्या प्रत्येक तपासणीला एक नेमका प्रश्न असतो, आणि उत्तराप्रमाणे उपचार बदलल्यास रुग्णाचे भले होते हे आधी दाखवलेले असते. पाळी गेलेल्या, जेल लावणाऱ्या बाईच्या बाबतीत तो प्रश्नच अजून कोणी नीट मांडलेला नाही.

उत्तर अमेरिकेतील मेनोपॉज सोसायटीने २०२२ च्या आपल्या निवेदनात, मात्रा ठरवण्यासाठी लाळेतील आणि लघवीतील हार्मोन तपासणी भरवशाची नाही आणि तिची शिफारस नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. रक्तातली पातळीही सरसकट पाहायची नसते. पाळी अकाली गेलेली असेल, मात्रा वाढवूनही त्रास कमी होत नसेल, किंवा टेस्टोस्टेरॉन दिले जात असेल, अशा वेळी ती उपयोगी पडते. ट्रान्स व्यक्तींच्या हार्मोन उपचारांतही एस्ट्रॅडिऑल आणि टेस्टोस्टेरॉन रक्तातच पाहतात. बाकीच्या बायकांसाठी वाफा किती, झोप कशी, रक्तदाब, मॅमोग्राफी, आणि अवेळी रक्तस्राव झाल्यास अस्तराची सोनोग्राफी, हाच पाठपुरावा आहे. तो चौदा पानांचा होत नाही, हीच त्याची अडचण.

इथे मला आपल्याशी थोडे स्पष्ट बोलायचे आहे. बायका या तपासण्यांकडे वळतात ते अडाणीपणामुळे नव्हे. २००२ साली अमेरिकेतील वुमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या अभ्यासाचा एस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन भाग वेळेआधी थांबवला गेला. त्या अभ्यासातल्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, त्यांना दिलेले एस्ट्रोजेन घोडीच्या लघवीतले आणि सोबतचे प्रोजेस्टिन कृत्रिम होते; पण बातमी आली ती “हार्मोनने कर्करोग होतो” अशी, आणि त्यानंतर आपल्यापैकी कित्येकांनी पन्नाशीच्या बाईला “सहन करा, निघून जाईल” म्हणून परत पाठवले. माझ्या स्वतःच्या वाफांच्या काळात एका ज्येष्ठ डॉक्टरांनी मला प्राणायाम सुचवला आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले. पाच मिनिटांत उठवलेल्या बाईला कोणी दीड तास बसवून तिच्या नावाची चौदा रंगीत पाने दाखवत असेल, तर ती तिथे जाणार. तिने तिथे लक्ष विकत घेतले, आणि ते लक्ष देणे आपले काम होते.

या व्यवहाराच्या अगदी दुसऱ्या टोकाला बीडच्या ऊसतोड बायका आहेत. २०१९ मधील सरकारी पाहणीत त्यांच्यापैकी तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. ज्यांची अंडाशयेही तिशीत गेली, त्यांना हार्मोन उपचारांची गरज सर्वांत जास्त, आणि त्याबद्दल त्यांच्याशी बोलणारे सर्वांत कमी. जेलचा एक पंप लावायला त्यांना कोणत्याही पट्टीची गरज नव्हती.

प्रयोगशाळांच्या संचालकांना एकच सांगणे. एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता ऐच्छिक आहे, आणि ती मिळाली तरी तिचा अर्थ आकडा नीट मोजला एवढाच होतो. तो कशासाठी वापरावा, हे ती सांगत नाही. दवाखाने आणि प्रयोगशाळांच्या नोंदणीचा केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही, त्यामुळे ही पोकळी कोणी सरकारी अधिकारी येऊन भरेल अशी वाट पाहण्यात अर्थ नाही. आपण नुसते पाकीट गोळा करून पुढे पाठवत असलात, तरी पावतीवर नाव आपले असते. “ही तपासणी हार्मोन उपचारांची मात्रा ठरवण्यासाठी प्रमाणित नाही” हे एक वाक्य संचाच्या पाकिटावर आणि रिपोर्टच्या पहिल्या पानावर, तबकड्यांच्या वर, मराठीत छापावे. शेवटच्या पानावरच्या बारीक अक्षरांना कोणी चष्मा लावत नाही.

संघटनांकडे मागणे त्याहून मोठे आहे. एक पानाचे निवेदन मराठीत काढावे. त्यात ही तपासणी काय मोजते, काय मोजत नाही, आणि कोणत्या कारणासाठी औषध बदलू नये, हे लिहावे. आणि ते दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या बाईच्या हाती पडेल अशा ठिकाणी ठेवावे. आपल्या परिषदांमध्ये अशा संचांचे स्टॉल लागत असतील, तर त्यांच्यासमोर हे निवेदन असावे. आणि मेनोपॉजसाठी आठवड्यातून निदान एक वेळ अशी ठेवावी, की जिथे बाईला घाई न करता बोलता येईल.

माझ्या बहिणीने तिच्या पहिल्या डॉक्टरांना फोन करून जेल पुन्हा दोन पंपांवर आणले आहे, आणि डीआयएमची बाटली ओट्यावरच्या फळीवर तशीच पडून आहे. दुसऱ्या संचाचे पैसे भरलेले आहेत, तो तिच्या कपाटात साड्यांखाली आहे, आणि जानेवारीत त्याची तारीख आहे. पट्ट्या भिजवायच्या की नाही हे ती मला विचारणार नाही, कारण मी डॉक्टर नाही. ती तिच्या डॉक्टरांना विचारणार आहे. त्यांच्या टेबलावर तोवर आपले ते एक पान पोहोचलेले असावे.

आपली नम्र,
एक निवृत्त बायोकेमिस्ट, पुणे